पाइपाखालचा खांदा

खांदेरावांचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली उतरलेला होता आणि ते त्याला साधनेचं फळ म्हणत. बायको म्हणायची, साधना कसली डोंबलाची, जन्मभर डब्याची पिशवी एकाच खांद्याला लटकवली की गाढवाचासुद्धा उतरेल. दोघांपैकी खरं कोण बोलत होतं हे सांगणं अवघड नाही. पण खांदेरावांच्या आयुष्यात खऱ्याची विचारपूस फारशी कुणी केली नाही.

खांदेराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते कंपनीतल्या लोकांनी दिलं, तेही आधी टिंगलीत. कंपनी पडद्यांच्या कापडाची. तिच्या तळघरातलं गोदाम हे सांभाळायचे. कागदावर हुद्दा होता गोदामप्रमुख. आता प्रमुख म्हटलं की हाताखाली कुणी लागतं; यांच्या हाताखाली फक्त तागे होते. वरून फोन यायचा, "राखाडी, जाळीदार, मोठा पन्हा, चार तागे, लवकर." हॅलो नाही की कसे आहात नाही. लिफ्टमध्ये साहेबलोक यांच्याकडे बघायचे ते तळघराचं बटण बघावं तसं. एकदा एका साहेबानं लिफ्टमध्ये ओला रेनकोट यांच्या खांद्यावर टाकला होता. खुंटी समजून नव्हे, पण समजून-उमजून असंही नव्हे. त्या काळात त्यांच्या खांद्यांना एवढाच उपयोग होता.

मग थोरल्या मालकांना गोल्फचं खूळ लागलं. मैदान लांब, म्हणून त्यांनी तळघराच्या एका मोकळ्या कोपऱ्यात छतापासून जमिनीपर्यंत जाळी टांगून घेतली, समोर रबरी चटई अंथरली आणि काठ्यांनी भरलेली लांबडी पिशवी आणून ठेवली. त्या खेळातल्या हत्याराला कितीही भारी नाव असो, खांदेरावांनी त्याला पहिल्या दिवसापासून काठी म्हटलं आणि ते चुकीचं नव्हतं. मालकांनी आठवडाभर चेंडू जाळीत मारले, कंबर धरून घेतली आणि वर गेले ते पुन्हा खाली आले नाहीत. जाळी राहिली. दुपारी तागे मोजून झाले की खांदेराव तिच्याकडे बघत बसायचे. एके दिवशी आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांनी काठी उचलली.

शिकवायला फोन होता. फोनवरचा एक गलेलठ्ठ माणूस सारखा सांगायचा की हातानं मारू नका, खांदे फिरवा. डावा खांदा हनुवटीखाली येऊ दे, पाठ जिकडे मारायचं त्या दिशेला वळू दे, मग बघा. खांदेरावांनी खांदा हनुवटीखाली आणला, पाठ वळवली, काठी डोक्यावर नेली आणि टण्णकन आवाज झाला.

वर पाइप होता. साधा नव्हे, वरच्या मजल्यांवरच्या साहेबलोकांच्या संडासांचा, मांडीएवढा जाड, बरोब्बर चटईच्या वरून आडवा गेलेला. कुणी वर साखळी ओढली की त्यातून गडगडाट वाहायचा. काठीच्या टोल्यानं त्याचा सांधा हलला आणि खांदेरावांच्या टकलावर जे थेंब पडले त्यांच्याबद्दल ते पुढे कधी बोलले नाहीत. प्लंबरला सांगितलं, गंजलाय.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काठी वर नेताना गुडघे मोडले, डावा खांदा पार खाली सोडला आणि मान आत ओढली. बुटक्या दारातून आत शिरणारा उंच माणूस वाकतो ना, तसे वाकले. काठी पाइपाखालून वीतभर अंतरानं सुखरूप गेली, चेंडू जाळीत धप्पकन बसला. नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतात. इथं अंगण खरोखरच वाकडं होतं, म्हणून या माणसानं नाचच वाकडा बसवला.

आणि तो चालून गेला, कारण तिथं न चालण्यासारखं काहीच नव्हतं. जाळी तीन पावलांवर. चेंडू डावीकडे चाललाय की उजवीकडे की देवाघरी, हे कळायच्या आधीच ती पोटात घ्यायची. खालची चटई तिच्याहून मायाळू. वाकलेल्या माणसाची काठी चेंडूच्या आधी जमिनीवर आदळते. मातीत ती रुतली असती, पण रबरावरून घसरून ती पुढं जायची आणि चेंडूला लागायची. एवढ्या उदार परीक्षकांपुढे कुणीही पहिल्या वर्गात पास झाला असता.

वर्षभरात खांदेरावांचा रीतसर अभ्यासक्रम तयार झाला. पहिला धडा दांड्याचा: पडद्याचा दांडा मानेमागून दोन्ही खांद्यांवर आडवा धरायचा आणि कंबर जागेवर ठेवून फक्त खांदे वळवायचे, दांड्याचं टोक चेंडूकडे बोट दाखवेपर्यंत. दुसरा भिंतीचा: ढुंगण भिंतीला टेकवायचं आणि ते न हलवता पाठ फिरवायची. तिसरा चिंधीचा: काखेत कापडाचा तुकडा दाबायचा, काठी फिरवताना तो पडला तर हात खांद्याला सोडून पळाला असं समजायचं. हे तिन्ही धडे चांगले होते, फोनवरच्या जाड्याचे होते. चौथा खांदेरावांचा स्वतःचा. गुडघे मोडून खांदा खाली सोडण्याला त्यांनी 'नमन' असं नाव दिलं. नाव पडलं आणि पाइपाची गोष्ट ते विसरले. विसरले म्हणजे सोंग नव्हे, खरंच विसरले. माणूस स्वतःच्या सोयीची गोष्ट जितक्या लवकर विसरतो तितका सावकाराचा पत्तासुद्धा विसरत नाही.

पहिला शिष्य मिळाला हिशेबनीस. मखमलीचे दोन तागे जुळत नव्हते म्हणून तो तणतणत खाली आला आणि मानेमागं दांडा घेऊन गोल फिरणारे खांदेराव बघून दारातच थबकला.

"हे काय, शिक्षा झालीय का तुम्हाला?"

"मान आखडते का तुमची?" खांदेरावांनी न थांबता विचारलं.

हिशेबनिसाची मान पंधरा वर्षं आखडलेलीच होती. संगणकापुढं बसून बसून ती आणि खुर्चीची पाठ एक झाली होती. दांडा घेऊन तो चार वेळा वळला, खांद्यात कुठंतरी कटकन वाजलं आणि त्याच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की त्यानं मखमलीचा विषयच सोडून दिला. दुसऱ्या दिवशी डबा खाऊन तो पुन्हा आला. येताना विक्रीप्रमुखाला घेऊन आला. विक्रीप्रमुखानं पाठोपाठ डिझाइन बघणाऱ्या बाईंना आणलं. बाईंना सगळेच बाई म्हणत आणि त्या सगळ्यांना 'काय रे' म्हणत. जेवणाच्या सुट्टीत तळघरात पाचसहा माणसं भिंतीला ढुंगण टेकवून उभी राहू लागली. मग ओळीनं नमन. वर पाइप गडगडला की खांदेराव हात वर करायचे, "थांबा, जाऊ द्या." सगळे वाकलेल्या अवस्थेत थांबायचे आणि वरच्या मजल्यावरचा ऐवज त्यांच्या डोक्यावरून वाहून जायचा. विक्रीप्रमुख म्हणायचा, या थांबण्यातच खरी गोम आहे.

आता फोन आला की आवाज वेगळा यायचा. "गुरुजी, सवड असेल तर दोन तागे पाठवता का?" लिफ्टमध्ये साहेबलोक दार धरून उभे राहायचे. वासरांत लंगडी गाय शहाणी असतेच, पण या गाईची वासरं तिच्यासारखीच लंगडून चालू लागली होती, हे विशेष.

घरी मात्र गुरुजींचं काही चालत नसे. सकाळी ते आरशापुढं लादी पुसायचा दांडा मानेवर घेऊन वळायला लागले की बायको बादली घेऊन मागं उभी राहायची.

"झालं असेल फिरून तर तो दांडा द्या. लादी वाट बघतेय."

"अगं, खांदा वळणं म्हणजे काय हे तुला कळायचं नाही."

"नाहीच कळायचं. गादी उलटी करायला मी, पाण्याची टाकी धुवायला मी, तुमच्या आईला उठवून बसवायला मी. या घरात खांदे दोनच आहेत, अन् ते दोन्ही माझे आहेत. तुमचे नुसते फिरतात."

यावर गुरुजी आरशात बघून डावा खांदा आणखी थोडा खाली सोडायचे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना थोरले मालक घरी बसले आणि त्यांची लेक खुर्चीवर आली. तिनं पहिल्याच आठवड्यात सगळी इमारत पायाखाली घातली. तळघरात येऊन जाळी, चटई आणि भिंतीवर ओळीनं उमटलेले डाग तिनं नीट बघितले. ते डाग कशाचे, हे तिला कुणी सांगितलं नाही.

"ही जागा फुकट चाललीय," ती म्हणाली. "इथं गाड्या लागतील. गोदाम गावाबाहेरच्या शेडमध्ये हलवू. तुम्हीही तिकडेच."

खांदेराव समोरचे तागे उगाच पुन्हा मोजायला लागले. तिच्याबरोबर आलेल्या हिशेबनिसानंच मध्ये तोंड घातलं, "मॅडम, इथं आमचा सराव चालतो. गोल्फचा. गुरुजी शिकवतात."

"गोल्फ?" मॅडमनी खांदेरावांकडे पहिल्यांदाच माणसाकडे बघावं तसं बघितलं. "मग बरं झालं. ज्यांची पडद्यांची ऑर्डर आपल्याला हवीय त्या हॉटेलांच्या साखळीचे मालक रविवारी आपल्याला मैत्रीचा सामना खेळायला बोलावतायत. मी पळवाट शोधत होते. तुम्ही पाच जण चला. रविवार नीट पार पाडलात तर तळघर राहिलं, जाळी राहिली आणि तुम्हीही राहिलात. नाही तर शेड."

रविवारी सकाळी खांदेरावांचा चहा कपातच गार झाला. बायकोनं विचारलं, "शेडमध्ये काय वाघ आहेत?"

"तिथं कुणी येणार नाही."

"म्हणजे शांतता. पगार तोच ना?"

"पगार तोच." ते कपात बघत राहिले. "अगं, तिथं नुसता फोन असेल. राखाडी, जाळीदार, चार तागे. मला गुरुजी कोण म्हणणार तिथं?"

 बायकोनं कप उचलून नेला, चहा परत गरम करून आणला. मग न राहवून म्हणाली, "मी म्हणेन हवं तर. पण आधी टाकी धुवायची."

मैदान भलतंच मोठं निघालं. तळघरातून आलेल्या त्या पाच जणांना एवढी हिरवळ आणि एवढं आभाळ बघून उगाच उघड्यावर पडल्यासारखं वाटलं. हॉटेलमालक म्हणजे पोट सुटलेला, हसरा म्हातारा. त्यानं पहिला टोला मारला. फार काही ग्रेट नव्हता, पण चेंडू सरळ गेला आणि दिसेल अशा ठिकाणी पडला. मग हिशेबनीस पुढं झाला. दांडा नाही, भिंत नाही, तरी त्यानं मनातल्या मनात दोन्ही केलं. काठी वर नेली, गुडघे मोडले, खांदा सोडला, मान आत घेतली, क्षणभर थांबला. मग खाली आला तो थेट मातीत. गवतासकट ओंजळभर ढेकूळ उडालं आणि चांगलं लांब गेलं. चेंडू त्याच्या मागोमाग जरासा घरंगळला, जसा थोरल्या भावामागं धाकटा जातो.

"नांगरट झाली," म्हातारा म्हणाला. "आता पेरणी कोण करणार?"

पेरणीला विक्रीप्रमुख गेला. तेच वाकणं, तीच विश्रांती, तसंच ढेकूळ. बाईंचं ढेकूळ सगळ्यात मोठं. "काय रे हे!" त्या चेंडूलाच म्हणाल्या. चौथ्या गड्याला तर काठी मातीतून उपसून काढावी लागली. चटईनं जे सगळं पोटात घातलं होतं ते माती एकेक करून बाहेर काढत होती. म्हातारा आता नुसता हसत नव्हता, चकित झाला होता. त्यानं डोळ्यांवर हात धरून आभाळाकडे बघितलं.

"वर काही आहे का हो? हे सगळे नेमकं काय चुकवतायत?"

सगळे हसले. खांदेराव हसले नाहीत. त्यांच्या टकलावर, ऐन उन्हात, थंडगार थेंब पडल्यासारखं झालं. टण्ण. इतक्या वर्षांनी त्यांना तो आवाज जसाच्या तसा ऐकू आला.

पाचवी पाळी त्यांची होती. ते चेंडूपुढं उभे राहिले आणि स्वतःला बजावलं, वर काही नाही. गड्या, सरळ राहा. काठी वर गेली. गुडघ्यांनी त्यांना विचारलं नाही. खांद्यानं विचारलं नाही. सगळं अंग एका न दिसणाऱ्या पाइपाखालून अदबीनं वाकून गेलं आणि त्यांचं ढेकूळ शिष्यांच्या ढेकळांच्या रांगेत जाऊन पडलं.

पुढच्या चेंडूकडे चालताना हिशेबनिसानं त्यांना गाठलं. बिचारा घामानं निथळत होता. "गुरुजी, कुठं चुकतंय? सांगा ना. अजून दुरुस्त होईल."

होण्यासारखं होतं. एकच वाक्य होतं: अरे बाबांनो, सरळ उभे राहा, तो संडासाचा पाइप होता. हिशेबनीस त्यांच्याहून तरुण होता, त्याच्या गुडघ्यांनी ऐकलं असतं. निदान तो तरी वाचला असता. खांदेरावांनी तोंड उघडलं. दहा पावलांवर मॅडम उभ्या होत्या आणि त्यांचे कान इकडेच होते.

"माती ओली आहे," खांदेराव म्हणाले.

माती कोरडी ठणठणीत होती. संध्याकाळपर्यंत त्या पाच जणांनी एवढं मैदान उकरलं की माळी मागं फिरून ढेकळं परत बसवत होता आणि त्याच्या तोंडातली भाषा सांगण्यासारखी नव्हती.

सोमवारी वरून बोलावणं आलं. खांदेरावांनी गोदामाच्या किल्ल्यांचा जुडगा बरोबरच घेतला, पुन्हा खेप नको म्हणून. मॅडम मात्र खुर्चीत रेलून हसत होत्या.

"बसा, बसा. म्हातारबाबांचा सकाळी सकाळी फोन. म्हणाले, मुली, इतक्या वर्षांत मी कुणाला एवढ्या फरकानं हरवलं नव्हतं. त्यांच्या सगळ्या हॉटेलांचे पडदे आता आपल्याकडून जाणार. तुमची जाळी राहिली."

खांदेरावांना खुर्चीवर नीट बसताही येईना. "पण मॅडम, आम्ही तर..."

"हरलात. तेच तर! मी मुद्दाम हरायला सांगितलं असतं तर तुमच्या लोकांच्या तोंडावर दिसलं असतं. तुमचे लोक मनापासून हरतात. पुढच्या महिन्यात रुग्णालयवाले आहेत, त्यांनाही खेळाची हौस आहे. हेच पाच जण न्या. आणि ते वाकणं आहे ना, ते असंच ठेवा. फार छान दिसतं."

काय झालं कुणास ठाऊक, खांदेरावांच्या आतला जुना तागे मोजणारा माणूस बोलून गेला. कदाचित तो एवढी वर्षं बोलायलाच टपला होता. "मॅडम, ते वाकणं चुकीचं आहे. खाली पाइप आहे, त्याला काठी लागू नये म्हणून मी... मीच वाकलो होतो पहिल्यांदा. त्या सगळ्यांना खरं सांगितलं तर महिनाभरात सुधारतील."

मॅडमना त्यांची खरंच दया आल्यासारखी वाटली. "खरं सांगितलंत तर मग तुम्ही त्यांना काय शिकवणार, गुरुजी?"

'गुरुजी' मॅडमनी पहिल्यांदाच म्हटलं. मग फोन उचलून प्लंबरला निरोप दिला की तळघरातला तो पाइप बदलायचा होता, तो राहू द्या, हात लावू नका.

किल्ल्यांचा जुडगा परत खिशात घालून खांदेराव खाली उतरले. जेवणाच्या सुट्टीत शिष्य आले. तोंडं उतरलेली, बुटांना अजून माती. कुणी दांडा उचलला नाही, कुणी भिंतीला टेकलं नाही. हिशेबनीस मात्र रात्रभर विचार करून आलेला दिसत होता. पंधरा वर्षं आखडलेली ती मान आता ताठ होती.

"गुरुजी, राग मानू नका, पण मला एक सांगा. मैदानावर वर काहीच नव्हतं. मग वाकायचं कशासाठी?"

सगळे खांदेरावांकडे बघायला लागले. बाईसुद्धा 'काय रे' न म्हणता. प्रश्न साधा होता, उत्तर त्याहून साधं, आणि ते हातभर अंतरावर डोक्यावर टांगलेलं होतं. तेवढ्यात वर कुणीतरी साखळी ओढली. पाइपातून गडगडाट सुरू झाला आणि सवयीनं खांदेरावांचा हात वर गेला. सवयीनंच सगळे थांबले. ऐवज वाहून गेला. तळघर शांत झालं.

खांदेराव पुढं झाले. त्यांनी हिशेबनिसाच्या डाव्या खांद्यावर दोन बोटं ठेवली, हलकेच दाबली आणि आपल्या सगळ्यात मऊ, सगळ्यात गुरुजी आवाजात म्हणाले,

"कारण तू अर्धवट वाकलास. बघ, असा. अजून. अजून थोडा."